पिशवीतले आर्थिक वर्ष

आषाढ लागतो, माउलींची पालखी लोणंद-फलटण करीत पुढे सरकते, सज्जनगड ढगांत बुडतो, आणि सातारा-सांगलीकडच्या करसल्लागारांच्या जिन्यावर ओल्या चपलांची रास पडू लागते. ३१ जुलै जवळ आलेला असतो. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात, काखेत किंवा रेनकोटच्या आत पोटाशी धरलेली एक पिशवी असते आणि त्या पिशवीत त्याचे एक अख्खे आर्थिक वर्ष कोंबलेले असते. २०२५ साली सरकारने मुदत वाढवत वाढवत १६ सप्टेंबरपर्यंत नेली. रांग श्रावण ओलांडून, गणपती बुडवून पितृपक्षात शिरली, पण पिशव्या त्याच राहिल्या. मुदत वाढली म्हणून कुणी कागद लावून आणल्याचे मला तरी दिसले नाही.

मी पस्तीस वर्षे बँकेत काढली, त्यातली बरीच कर्ज विभागात आणि बहुतेक याच दोन जिल्ह्यांत. निवृत्तीनंतरच्या दुपारी मी सांगलीत एका मित्राच्या कचेरीत जाऊन बसतो. हे गृहस्थ वाणिज्य शाखेचे पदवीधर. गेली चाळीस वर्षे लोकांची विवरणपत्रे भरत आले आहेत. खेड्यापाड्यांतून येणारी माणसे त्यांना 'वकीलसाहेब' म्हणतात आणि त्यांनीही आता 'नाही' म्हणायचे सोडून दिले आहे. कादंबऱ्या लिहिणाऱ्याला याहून चांगली जागा कुठली? माणूस डॉक्टरपुढे सदरा काढतो तेव्हा जेवढा संकोचत नाही, तेवढा वकीलसाहेबांच्या टेबलावर पिशवी उलटी करताना संकोचतो.

करसल्लागार मंडळी कुठे लग्नाकार्यात एकत्र जमली की अशिलांच्या गबाळेपणाचे किस्से सांगून पोट धरून हसतात. मीही हसतो. पण गेली काही वर्षे त्या हसण्याच्या मागोमाग मनात काहीतरी खटकत राहते. ते काय ते सांगण्याआधी थोडे हसून घ्यायला हरकत नाही.

पिशवीवरून माणूस ओळखता येतो. औषध कंपनीचे नाव छापलेली बॅग डॉक्टरांची. खताचे रिकामे पोते कापून शिवलेली पिशवी उसाच्या पट्टीतल्या बागायतदाराची. साताऱ्याकडचा माणूस बरेचदा कंदी पेढ्यांचा रिकामा खोका घेऊन येतो. त्यातल्या पावत्यांना तुपाचे डाग पडलेले असतात आणि डागाखालचा आकडा पारदर्शक होऊन पलीकडच्या आकड्यात मिसळलेला असतो. जुने दुकानदार भिंतीवरचा तारेचा आकडाच काढून आणतात. बिले त्याला टोचलेली, आणि नेमके रकमेच्या जागी भोक. पेट्रोल पंपावरच्या आणि मॉलमधल्या बिलांची आणखीच तऱ्हा. त्या गुळगुळीत कागदावरची शाई उन्हाने उडते. मार्चमध्ये बिल असते, जुलैत कोरा कागद असतो. एका ठेकेदाराने असे शंभरएक कोरे कागद रबर लावून आणले आणि शांतपणे म्हणाला, "ह्ये डिझेल."

मिरजेकडचे एक शिंपी आहेत. हात इतका सफाईदार की सुटाला मुंबईहून गिऱ्हाईक येते. त्यांचा सारा धंदा भिंतीवरच्या कॅलेंडरवर. तारखेच्या चौकोनात आलेले कापड, दिलेले कपडे, आलेले पैसे, सगळे बारीक अक्षरात. वकीलसाहेब म्हणाले, ठीक आहे, कॅलेंडर आणा. त्यांनी जानेवारी ते मार्च आणले. एप्रिल ते डिसेंबर कुठे? तर ३१ डिसेंबरला वर्ष संपले म्हणून कॅलेंडर उतरवले होते. कॅलेंडरचे वर्ष आणि सरकारचे वर्ष वेगळे, हे त्यांना माहीत होते, त्यांच्या बायकोला माहीत नव्हते. शेवटी निरोप आला की एप्रिल ते जून डाळींच्या डब्यांखाली अंथरलेले आहे, जुलै-ऑगस्ट देव्हाऱ्याच्या फळीवर आहे, आणि बाकीची पाने नातवाच्या वह्यांना कव्हर म्हणून गेली आहेत. ती कव्हरे सोडवून आणली. सप्टेंबरच्या चौकोनांवर इयत्ता चौथी, तुकडी ब, असे लिहिलेले होते.

तालुक्याच्या गावचे एक डॉक्टर रोजची फी डायरीत लिहितात. अगदी नियमाने. डायरी टेबलावर आली. वकीलसाहेबांनी चष्मा पुसला, खिडकीपाशी जाऊन पाहिले, मग डायरी डॉक्टरांपुढे धरली. डॉक्टरांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "आमच्या खालच्या मेडिकलवाल्याला दाखवा, तो वाचतो." आणि खरोखरच त्या मेडिकलवाल्याच्या पोराने दोन दिवस बसून वर्षाचे उत्पन्न वाचून दिले.

पण मला सर्वांत भावते ती तारखांची कथा. आमच्याकडे व्यवहार तारखेला होत नाही, सणाला आणि यात्रेला होतो. बेंदराच्या आदल्या दिवशी बैल घेतला, पालच्या यात्रेत म्हैस विकली, औंधच्या यात्रेला उसने फेडले. माणचे एक शेतकरी-व्यापारी सांगत होते की ट्रॅक्टरच्या जुन्या ट्रॉलीचे पैसे त्यांना शिखर शिंगणापूरच्या यात्रेत मिळाले. साल २०२३. वकीलसाहेबांनी लगेच पंचांग काढले. त्या वर्षी गुढीपाडवा २२ मार्चला होता. म्हणजे चैत्र शुद्ध अष्टमीला महादेवाचे लग्न लागले ते मार्चअखेरीस, आणि द्वादशीला मुंगी घाटातून कावड चढली ती एप्रिलमध्ये. यात्रा एक, आर्थिक वर्षे दोन!

"पैसे लग्नाला मिळाले की कावडीला?" वकीलसाहेबांनी विचारले.

म्हातारा बुचकळ्यात पडला. मग डोळे मिटून म्हणाला, "कावड घाट चढत व्हती, तवा पैसं माझ्या हातात पडलं. पाऊस न्हवता, धुरळा लई व्हता."

व्यवहार पुढच्या वर्षात गेला. साक्षीला कागद एकही नव्हता. पण बँकेच्या पासबुकात ३ एप्रिलला भरणा निघाला, रुपयाला रुपया जुळणारा. मला वाटते, ज्या माणसाला धुरळा आठवतो त्याला 'नोंदी ठेवत नाही' असे म्हणणे बरोबर नाही. त्याच्या नोंदी दुसऱ्या वहीत आहेत. ती वही विवरणपत्राला जोडता येत नाही, एवढेच.

काही नोंदी मात्र जाणूनबुजून अंधारात ठेवलेल्या असतात. ठेकेदारांच्या डायरीत 'चहापाणी ५,०००' अशी नोंद हमखास सापडते. पाच हजारांचा चहा पिणारा माणूस मी पाहिलेला नाही. एकाने 'देवाला' म्हणून मोठी रक्कम लिहिली होती. कुठला देव, असे विचारले तर तो म्हणाला, "तुमाला ठावं हाय सायेब, त्याचं देऊळ कचेरीतच असतंय." बेकायदा गोष्टीसाठी केलेला खर्च उत्पन्नातून वजा मिळत नाही, असे कायदा सांगतो. त्यामुळे त्या देवाच्या दक्षिणेवरही भक्तालाच कर भरावा लागतो.

आता थोडे गंभीर. आपल्या मराठी माणसांची आडनावे पाहा. फडणीस, चिटणीस, पोतनीस, सबनीस, कारखानीस, मुजुमदार, कुलकर्णी, देशपांडे. निम्म्या आडनावांत कागद आणि हिशेब आहे. छत्रपती शाहूंना १७०८ साली राज्याभिषेक झाला तो साताऱ्यात. पुढे साताऱ्याच्या आणि पेशव्यांच्या दप्तरांत रोजकीर्दीचे रुमालच्या रुमाल भरले. लढाईवर गेलेल्या पथकाच्या दाणागोट्याचाही हिशेब त्यांत सापडतो. पेठेतला व्यापारी तर डोक्यावर 'श्री' काढल्याशिवाय दिवसाची जमा लिहीत नसे. रोजमेळ संध्याकाळी जुळला नाही तर दिवाणजी घरी जात नसत. त्या काळी हे कुणाला दाखवायचे होते? प्राप्तिकर या देशात आला १८६० साली. तो आणणारे जेम्स विल्सन हे 'द इकॉनॉमिस्ट' या साप्ताहिकाचे संस्थापक. २४ जुलैला कायदा झाला आणि ११ ऑगस्टला विल्सनसाहेब कलकत्त्यात आमांशाने वारले. विवरणपत्र भरायची वेळ त्यांच्यावर आली नाही. सांगायचा मुद्दा असा की वही ही प्राप्तिकराहून कितीतरी जुनी. ती मालक स्वतःसाठी लिहीत असे. धंदा चालला आहे की बुडतो आहे, हे त्याला रात्री झोपण्यापूर्वी कळायला हवे असे.

हे फिरले कधी? माझ्या मते ते हळूहळू फिरले, पण एक खूण दाखवता येते. सांगलीच्या हळदीच्या आणि गुळाच्या पेठेत वर्ष दिवाळीला सुरू होई. प्राप्तिकरालाही पूर्वी ते चालत असे. ज्याने त्याने आपल्या वहीचे वर्ष धरावे. १९८९-९० या आकारणी वर्षापासून सरकारने सगळ्यांना एकच वर्ष लावले, ३१ मार्चला संपणारे. सरकारच्या दृष्टीने ते सोयीचे आणि बरोबरच होते. पण लक्ष्मीपूजनाला पुजलेली वही त्या दिवसापासून शोभेची झाली. आजही पेठेत दिवाळीला लाल वही आणतात, तिच्यावर हळदकुंकू वाहतात, पहिल्या पानावर स्वस्तिक काढतात, आणि ती तशीच कोरी कपाटात जाते. खरा हिशेब कुठल्या तरी कचेरीतल्या संगणकावर, जुलैत, आठवून आठवून तयार होतो. तोही आपल्यासाठी नसतो, 'त्यांच्यासाठी' असतो.

हिशेब दुसऱ्याला दाखवायचा म्हणून लिहायचा, ही कल्पना एकदा डोक्यात बसली की तो दोनदा लिहिणे ओघानेच येते. कर्ज विभागात असताना माझ्यापुढे एकाच माणसाचे, एकाच वर्षाचे दोन ताळेबंद येत. बँकेसाठीच्या ताळेबंदात तो कुबेर असे, प्राप्तिकराच्या ताळेबंदात सुदामा. एका पाइप विक्रेत्याने तर मला सरळ विचारले होते, "साहेब, कुठला देऊ? घ्यायचा का द्यायचा?" म्हणजे कर्ज घ्यायचा की कर द्यायचा! मी म्हटले, "तिसरा असेल तर तो द्या, तुमचा स्वतःचा." तो हसला. तिसरा नव्हताच.

विटा, खानापूर, आटपाडी आणि शेजारच्या माण-खटाव भागातली गलाईवाली मंडळी या बाबतीत मोठी विलक्षण. सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी इथली घरेच्या घरे देशभर पांगली आहेत. कुणी तामिळनाडूत, कुणी केरळात, कुणी बंगालमध्ये. सोनाराच्या दुकानातली झाडलोट विकत घेऊन त्या धुळीतून सोने काढणारी ही माणसे. धुळीचा हिशेब मिलिग्रॅमपर्यंत चोख. कागदांची कथा मात्र वेगळी. यात्रेला गावी येताना ते वर्षभराची बिले आणतात ती तामिळमध्ये, मल्याळममध्ये, बंगालीत. वकीलसाहेबांना यातली एकही लिपी येत नाही. त्यांनी एक युक्ती काढली आहे. बिलाच्या डोक्यावरचा देव बघायचा. मुरुगन असला की तामिळनाडूचा गठ्ठा, कालीमाता असली की बंगालचा. अडचण फक्त गणपतीची होते. तो सगळीकडे असतो. एकदा मात्र त्यांनी एक गंभीर चेहऱ्याचा कागद असाच 'खर्च' या गठ्ठ्यात ठेवला आणि गलाईवाला संकोचून म्हणाला, "साहेब, ती लग्नाची पत्रिका आहे, आमच्या शेजाऱ्याच्या मुलीची."

पुराने तर कमालच केली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. पेठांमधून होड्या फिरल्या. २००५ च्या पुराने हरिपूरची हळदीची पेवे गेली होती, या खेपेला दुकानांतले कागद गेले. पाणी ओसरल्यावर मी स्वतः पाहिले आहे, माणसे गच्चीवर वह्यांची पाने सुटी करून वाळत घालीत होती, कुरडया-पापडासारखी. शाई वाहून गेली होती. काही जण त्या निळ्या डागांकडे बघून ओळी सांगत होते, 'ही अमक्याची उधारी, ही हमाली'. त्यांची उधारी बुडाली ती कायमची, कारण देणेकऱ्यालाही ठाऊक होते की वही गेली. हे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते.

मात्र पुढचा भाग हसण्याचाच आहे. त्यानंतरची दोन-तीन वर्षे सगळ्यांच्याच वह्या पुरात गेल्या. विश्रामबागेत उंचावर राहणाऱ्यांच्या गेल्या. पार पूर्वेकडून आलेल्या एका दुकानदारानेही नोटिशीला तेच उत्तर द्यायला सांगितले. सांगली बुडत होती तेव्हा जत-आटपाडीकडे पिण्याच्या पाण्याचे टँकर चालू होते, याची वकीलसाहेबांनी त्याला आठवण करून दिली. गृहस्थ डगमगला नाही. म्हणाला, "मग टँकर लवंडला म्हणून लिहा."

सरकार आता असल्या उत्तरांवर अवलंबून राहिलेले नाही. नोव्हेंबर २०२१ पासून प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर प्रत्येकाचे वार्षिक माहिती विवरण मिळते. बँकेतले व्याज, लाभांश, शेअरची विक्री, जमिनीचे खरेदीखत, सगळे त्यात आयते येऊन बसलेले असते. पिशवी उलटी करण्याआधी वकीलसाहेब आता संगणक उघडतात. त्यातून घरोघरी काय काय उघडे पडते! एक निवृत्त शिक्षक सपत्नीक आले होते. दोघांची विवरणपत्रे भरायची होती. वकीलसाहेबांनी बाईंच्या नावाचा तक्ता वाचला: मुदत ठेवींवरचे व्याज, एक्केचाळीस हजार.

"दुसऱ्या कुणाचं तरी आलंय," गुरुजी म्हणाले.

बाई पंख्याकडे बघत होत्या.

"अहो, बघा जरा नीट."

"नीटच आहे," बाई म्हणाल्या. "भिशीचे, दुधाचे, आणि तुम्ही बाजाराला द्यायचात त्यातले. बावीस वर्षांचे आहेत." आणि पर्समधून एक छोटी डायरी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. तारीखवार, बँकवार, पावती क्रमांकासह. चाळीस वर्षांच्या धंद्यात इतकी स्वच्छ वही मी पाहिली नाही, असे वकीलसाहेब नंतर म्हणाले. कायद्याची गंमत अशी की, नवऱ्याने दिलेल्या पैशांतून बायकोने ठेव केली तर तिचे व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात धरायचे असते. ही बातमी गुरुजींना त्या दिवशी सांगायचे धाडस कुणी केले नाही; चार दिवसांनी फोनवरून कळवली.

त्या डायरीवर मी पुष्कळ विचार केला. ती इतकी स्वच्छ का होती? ती कुणालाच दाखवायची नव्हती म्हणून. बाईंना स्वतःला कळायला हवे होते की आपण कुठवर आलो.

उलट उदाहरण माझ्या नोकरीतले. कायद्यात लहान धंदेवाल्यांसाठी एक सवलत आहे. वह्या ठेवायची गरज नाही; उलाढालीच्या निदान आठ टक्के, आणि बँकेतून वा मोबाइलवरून आलेल्या रकमेवर सहा टक्के, एवढा नफा दाखवून कर भरला की मोकळे. पूर्वी साठ लाखांच्या उलाढालीपर्यंत असलेली ही सवलत पुढे दोन कोटींपर्यंत आणि रोखीचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत असेल तर तीन कोटींपर्यंत गेली. सवलत चांगल्या हेतूची आहे, किरकोळ माणसाची कटकट वाचवणारी आहे. पण लोकांनी तिचा अर्थ असा घेतला की हिशेबच ठेवायचा नाही.

कराडच्या बाजूला एका गावी सिमेंट, लोखंड, रंग असे सामान विकणारे एक जण आमच्या शाखेचे खातेदार होते. कष्टाळू, निर्व्यसनी, सहा वर्षे मुदतीत विवरणपत्र भरणारे. दरवर्षी आठ टक्के नफा, त्यावर कर, सगळे व्यवस्थित. मी त्या शाखेत गेलो तेव्हा त्यांचे कॅश क्रेडिटचे खाते थकायला लागले होते. बँकेला ते दरमहा मालसाठ्याचा तक्ता देत. तो तारीख बदलून मागच्याच महिन्याचा असे. भर पावसाळ्यातही सिमेंटची पोती तेवढीच. मी विचारले, "अण्णा, धंदा फायद्यात आहे ना?" त्यांनी विवरणपत्र पुढे केले. "ही काय, दर साली आठ टक्के!"

त्यांना खरोखर तसे वाटत होते. सरकारने धरलेला नफा हा झालेला नफा आहे असेच ते समजत होते. त्यांची मुलगी तेव्हा बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिला आणि मला एका रविवारी त्यांच्या दुकानात तीन पोती बिले उपसावी लागली. संध्याकाळपर्यंत चित्र स्पष्ट झाले. वाहतूक आणि हमाली धरली तर सिमेंटच्या प्रत्येक पोत्यामागे चार रुपये पदरचे जात होते. रंगात थोडे सुटत होते. उधारी पावणेआठ लाख, त्यातली निम्मी बुडीत. सहा वर्षे हा माणूस नसलेल्या नफ्यावर कर भरत तोट्यात चालला होता, आणि राहते घर तारण होते. मुलीने वहीवर शेवटची बेरीज मारली आणि वडिलांकडे वही फिरवली. त्यांनी ती बराच वेळ वाचली. मग म्हणाले, "हे आधी कुणी इचारलंच न्हाई."

घर वाचले. अर्धे दुकान द्यावे लागले, सिमेंट बंद केले. ती मुलगी आता दुकान बघते.

मला खटकते ते हेच. आज सरकारला तुमचा हिशेब कळतो, बँकेला कळतो, मोबाइलवर पैसे फिरवणाऱ्या कंपनीला कळतो. संगणक विवरणपत्र निम्मेअधिक आधीच भरून ठेवतो. ज्याचा हिशेब आहे तो एकटाच त्याच्याबाहेर राहिला आहे. त्याला वाटते, सही केली की सुटलो; आता तर सहीही मोबाइलवर आलेल्या आकड्यांची असते. जून्या कायद्यातले 'गत वर्ष' आणि 'आकारणी वर्ष' हे गोंधळात टाकणारे जोडपे २०२५ च्या नव्या कायद्याने काढून 'कर वर्ष' हा एकच शब्द ठेवला, हे उत्तम झाले. पण शब्द सोपे झाले म्हणून वही लिहिली जाईल असे नाही. ती शाळेत शिकवावी लागेल, वाणिज्य शाखेत जाणाऱ्यांनाच नव्हे, सगळ्यांना. नववी-दहावीच्या पोराला आपल्या घराची महिन्याची जमाखर्चाची वही लिहायला लावा, त्याला गुण द्या. बीजगणिताचे नुकसान होणार नाही.

आणि सरकारनेही आपली बाजू सांभाळावी. प्राप्तिकराच्या नोटिसा इंग्रजीत येतात आणि ईमेलवर येतात. आमच्याकडच्या कित्येक माणसांच्या नावापुढे नोंदलेला ईमेल हा कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेचा असतो. तो कॅफे बंद होऊन तिथे वडापाव सुरू झालेला असतो. नोटीस पोचली असे मात्र धरले जाते. कागद सांभाळण्याची सारी जबाबदारी अशिलाची, आणि सरकारी दप्तरातल्या चुकीसाठी अर्जही त्यानेच करायचा, हे काही मला पटत नाही.

सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या आजींचे काम वकीलसाहेबांकडे आले तेव्हा मी तिथे होतो. मालक सैन्यात होते, जाऊन बरीच वर्षे झाली. पेन्शनमधून साठवलेले आठ लाख बँकेत ठेवीत होते. वर्षाचे व्याज ५६,०००. त्यातून बँकेने वीस टक्क्यांनी ११,२०० रुपये कापले, कारण आजींचे पॅन आधारला जोडलेले नव्हते आणि जुलै २०२३ पासून अशी पॅन निष्क्रिय झाली. बँकेने नियमाप्रमाणेच केले. आजींना कर लागूच होत नव्हता, पण पॅन जागे झाल्याशिवाय परतावा नाही. आणि जोडणी होत नव्हती ती नावामुळे. पॅनवर एक नाव, आधारवर दुसरे, बँकेत तिसरे. माहेरचे, सासरचे आणि हाक मारायचे. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या लग्नाचा दाखला कुठून आणणार?

"कागद काही आहेत का, आजी?" वकीलसाहेबांनी विचारले.

पुतण्याने रिक्षातून पत्र्याची ट्रंक वर आणली. ती उघडली आणि आम्ही दोघेही गप्प झालो. घरात वीज आली त्या महिन्यापासूनचे प्रत्येक बिल. पोस्टाच्या मनिऑर्डरींच्या पावत्या. एस.टी.ची तिकिटे. रेशनच्या पावत्या, दवाखान्याचे केसपेपर, निवडणुकीच्या चिठ्ठ्या, साबणाच्या वड्यांवरचे कागद. सगळे घड्या घालून, सुतळीने बांधून.

"हे सगळं कशाला ठेवलंय?" पुतण्या वैतागून म्हणाला.

"मला वाचाया येत न्हाई," आजी म्हणाल्या. "कुठला टाकायचा त्ये कसं कळावं? मग समदंच ठिवलं."

ट्रंकेच्या तळाशी, वर्तमानपत्राच्या खाली, मालकांच्या पेन्शनच्या आदेशाचा कागद निघाला. त्यावर पत्नीच्या रकान्यात आजींचे पूर्ण नाव होते. त्या एका ओळीवरून नाव दुरुस्त करायला चार खेपा आणि सात महिने लागले. ११,२०० रुपये परत आले. आजींनी बँकेतून आलेल्या त्या संदेशाचा कागद काढून मागितला आणि सुतळीत बांधला.

वकीलसाहेबांनी गेल्या दिवाळी पाडव्याला एक प्रयोग केला. नेहमीच्या वीस-पंचवीस अशिलांना एकेक शंभर पानी वही भेट दिली. पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने 'श्री' काढला, खाली जमा आणि खर्च असे दोन रकाने आखून दिले, आणि सांगितले की ही मला दाखवायची नाही, तुमच्यासाठी आहे. बहुतेकांच्या वह्यांचे काय झाले ते विचारण्यात अर्थ नाही. एकीत नातीने पाढे लिहिले आहेत. एक वही अजून देव्हाऱ्यात आहे, रोज फूल मिळते. विट्याच्या बाजूच्या एका दूध संकलनवाल्याने मात्र आपण होऊन वही आणून दाखवली. कार्तिकापासून रोजची नोंद, सुवाच्य अक्षरात: किती लिटर, किती फॅट, कुणाची उचल, पेंडीचे किती. वकीलसाहेब पाने उलटत गेले, चेहरा फुलत गेला. मार्गशीर्ष भरलेला, पौष भरलेला, माघाच्या मध्यापर्यंत एकही दिवस सुटलेला नाही. मग एका पानाच्या मध्यावर रेघ मारलेली होती आणि खाली लिहिले होते, 'पुढील समक्ष सांगेन.'